जंगम मालमत्ता : निरंक

नंदग्याळ, ता. देगलूर
(तारीख घालत नाही. हल्ली माझी तारीख आणि सही असलेला कागद लोक जपून ठेवतात.)

तीर्थस्वरूप गुरुपादअण्णांना,

मडिवाळप्पाचा सप्रेम शरणार्थ. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचं बीपी? गंजगोलाईतलं पंपाचं दुकान या उन्हाळ्यात जोरात असेल. पाणी जितकं खाली जातं तितका आपला धंदा वर येतो, हे तुम्हीच मागे म्हणाला होता. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची नीलम्मा, प्रकृतीनं उत्तम आहे. माझ्याशी बोलत नाही, पण तो प्रकृतीचा भाग नाही. आमचे अप्पा एक्याऐंशीचे झाले. त्यांना ऐकू कमी येतं, आणि त्यामुळे ते पूर्वीपेक्षा जास्त उत्तरं देतात. तुमच्या भाचीबद्दल, शिल्पाबद्दल, पुढे सविस्तर लिहितो, कारण हे पत्र तिच्यासाठीच आहे.

घरात चार फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. अण्णा, आमच्या घरातला कुठलाही फोन आता एकाचा राहिलेला नाही. मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहिल्या तर त्या लातूरला पोचायच्या आधी आमच्या स्टँडवर वाचल्या जातील. गेल्या महिनाभरात मी पारदर्शक झालो. इतका झालो, की आता लोकांना माझ्याआरपार पलीकडचं दिसतं आणि मी दिसत नाही. हे सगळं कसं झालं ते तुम्हाला तुकड्यातुकड्यानं कळलं असेल (बहीण सांगत असेलच, आणि तिच्या सांगण्यात मी जरा जास्त मूर्ख असेन). म्हणून एकदा माझ्या बाजूची कैफियत सुरुवातीपासून ऐका.

पाच वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा नगरपंचायतीला उभा राहिलो तेव्हाची गोष्ट. अर्जाचा शेवटचा दिवस, दुपारचे दोन, मी रांगेत आणि माझा फोन पिशवीत. तहसीलच्या आवारात झाडाखाली बसणारा टायपिंगवाला माझं शपथपत्र टाईप करत होता. मालमत्तेच्या रकान्यापाशी तो अडला आणि त्यानं सरळ आमच्या घरी फोन लावला. नीलम्मा गिरणीत गेली होती. फोन अप्पांनी उचलला. टायपिंगवाल्यानं विचारलं, जंगम मालमत्ता किती लिहू? आता तुम्ही आणि मी जाणतो की सरकारी मराठीत जंगम म्हणजे जे हलवता येतं ते. सोनं, मोटरसायकल, बँकेतली शिल्लक. पण अप्पांचं सगळं आयुष्य मठाच्या सावलीत गेलेलं. त्यांच्यासाठी जंगम म्हणजे एकच, आपल्या घरी पूजेला येतात ते मठाचे स्वामी. तुमचा मुलगा निवडणुकीला उभा आहे आणि त्याच्याकडे स्वामींची मालमत्ता किती आहे, असं कोणी परका माणूस फोनवरून विचारतोय, हे ऐकून अप्पांचा संताप झाला. ते म्हणाले, "जंगमाची मालमत्ता आमच्याकडं कशापायी येईल? मठाचं मठात, आमचं आमच्यात. आमच्या घराण्यानं जंगमाच्या तांब्यालाबी हात लावला न्हाई." टायपिंगवाला म्हणाला, मग निरंक लिहू का? अप्पांनी निरंक म्हणजे काय ते विचारलं. काहीच नाही, असं त्यानं सांगितलं. "हाव. तेच लिही. अन् ठळक लिही."

त्यानं ठळक लिहिलं. मी न वाचता सही केली. (बसवेश्वर झेरॉक्सचा मालक या नात्यानं वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, की सही करण्यापूर्वी कागद वाचा. तशी पाटी अजून दुकानात आहे.) स्थावरात घर आणि सव्वादोन एकर जमीन, ते अप्पांनी बिनचूक सांगितलं होतं, त्या शब्दात त्यांना काही वावगं वाटलं नाही. अशा तऱ्हेनं पाच वर्षं मी असा नगरसेवक होतो ज्याच्याकडे कायद्यानं एक वाटीसुद्धा नव्हती. कुणाच्या लक्षात आलं नाही. शपथपत्र सगळ्यांनी बघावं म्हणून सरकार भिंतीवर लावतं, आणि भिंतीवर लावलेलं कोणी बघत नाही. माझ्याही लक्षात आलं नाही, कारण माझ्याकडे काही आहे असं मलाही कधी फारसं जाणवलं नव्हतं.

या खेपेला मात्र मी शहाणा होऊन स्वतःच्या हातानं अर्ज भरला. दोन रात्री बसलो. मोटरसायकल लिहिली, पोस्टातलं खातं लिहिलं, विम्याची पॉलिसी लिहिली, नीलम्माचं तीन तोळे सोनं लिहिलं, दुकानातल्या दोन झेरॉक्स मशिनी लिहिल्या. (त्यातली एक अडीच वर्षं बंद आहे आणि चौघांनी उचलल्याशिवाय हलत नाही, तरी ती जंगमच, असं मला तहसीलमधल्या साहेबांनी समजावून सांगितलं.) एकूण बेरीज चार लाख बारा हजार तीनशे चाळीस. निवडून आलो, एकसष्ट मतांनी. गुलाल लागला. आणि गुलाल अंगावर असतानाच बजरंग आला.

बजरंग म्हणजे "नंदग्याळ एक्सप्रेस". एक फोन, एक काठी आणि काठीला बांधलेला माईक, एवढ्यावर तो आमच्या गावाची लोकशाही चालवतो. माणूस वाईट नाही, पण त्याला रोज काहीतरी लागतं. त्यानं माझी दोन्ही शपथपत्रं शेजारीशेजारी ठेवली. पाच वर्षांपूर्वी जंगम मालमत्ता शून्य, आता चार लाख बारा हजार. मग वाढ किती टक्के झाली ते काढायला त्यानं फोनवर भागाकार केला. आता शून्यानं भागलं की फोन काय करणार? त्यानं उत्तर द्यायला नकार दिला. बजरंगनं फोनचा तो पडदा कॅमेऱ्यासमोर धरून सांगितलं, की नगरसेवक मडिवाळप्पा बिरादार यांच्या संपत्तीत पाच वर्षांत इतकी वाढ झाली आहे की ती मोजायला कॅल्क्युलेटर कमी पडला. संध्याकाळपर्यंत ते अकरा हजार लोकांनी पाहिलं. आमच्या गावाची लोकसंख्या नऊ हजार आहे.

मी घरात डोक्याला हात लावून बसलो. आता लोक तोंडाला काळं फासणार अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी अंग चोरत स्टँडवरच्या हॉटेलात गेलो तर मालकानं उठून खुर्ची पुसली. अण्णा, त्या हॉटेलात मी सव्वीस वर्षं चहा पितो, आणि खुर्ची नेहमी माझी मीच पुसत आलो. नाल्याचं काम करणारा गुत्तेदार, ज्यानं पाच वर्षांत माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, त्यानं गाडी थांबवून तब्येत विचारली. प्रभागातले लोक कामं घेऊन येऊ लागले. पूर्वी का येत नव्हता, असं मी एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "आमाला वाटून राहिलं होतं तुमच्याच्यानं काई होत न्हाई. आता कळालं, होतंय." अप्पांना कोणी काय सांगितलं कोण जाणे, ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचा नमस्कार घेऊ लागले. खोटं कशाला बोलू, नऊ दिवस मला फार बरं वाटलं. चोर समजलं जाण्यात एवढा मान असतो हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आणि याच नऊ दिवसांत शिल्पाला नांदेडचं स्थळ आलं. मुलगा अनय, कॉलेजात शिकवतो, स्वभावानं शांत. वडील वसंतराव, खत-बियाण्यांचा व्यापार, बोलणं मोजकं. आई सिंधुबाई. शिल्पा बी.फार्म. होऊन नांदेडलाच एका औषध दुकानात काम करते हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथंच या दोघांचं एकमेकांना पाहणं झालेलं होतं, फक्त आम्हाला ते स्थळ म्हणून नंतर आलं. पहिली भेट नांदेडला झाली आणि चांगली झाली. घरी आल्यावर शिल्पा माझ्याजवळ येऊन बसली. ती लहानपणापासून काही मागणारी पोर नाही. शाळेची फीसुद्धा शेवटच्या दिवशी सांगायची. ती म्हणाली, "बाबा, एवढं स्थळ मोडू देऊ नका." तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी नव्हती.

मी गप्प बसलो असतो तर आज साखरपुडा झाला असता. पण दहाव्या दिवशी माझं मन मला खाऊ लागलं. हे लोक मला पैसेवाला समजून मुलगी करून घेतायत आणि आपण नाहक फसवतोय, असं वाटू लागलं. शिवाय गावातल्या मानाचंही तेच. तो माझा नव्हता, भागाकाराचा होता. तेव्हा मी ठरवलं की लोकांसमोर सगळं स्वच्छ मांडायचं. लोकप्रतिनिधीनं काय उघडं ठेवावं आणि काय झाकावं यावर मोठमोठी माणसं टीव्हीवर तावातावानं भांडतात. मला त्यात अवघड काही दिसत नव्हतं. माझ्याकडे झाकण्यासारखं काही नाही, मग झाकायचं कशाला, असा माझा सरळ हिशोब. मी देगलूरला जाऊन दहा बाय आठचा फ्लेक्स छापून आणला आणि स्टँडसमोर लावला. वर शीर्षक, "माझे पारदर्शक जीवन". खाली दोन्ही शपथपत्रं, अप्पांचा आणि टायपिंगवाल्याचा संवाद, आणि सगळ्या वस्तूंची यादी किमतीसकट. सगळ्यात शेवटी "सत्यप्रत" असा शिक्का आणि माझी सही. (फ्लेक्सवाल्यानं माझा फोटो ज्या चौकटीत बसवला ती चौकट तो एरवी वेगळ्या प्रसंगी वापरतो. सकाळी नऊच्या आत त्याला दोन हार पडले होते आणि एक बाई घरी भेटायला आली. मीच दार उघडलं, तेव्हा तिची फार पंचाईत झाली.)

नीलम्मा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. कारण पाटल्या. झालं असं, की शपथपत्रात तिचं सोनं तीन तोळे लिहिलेलं, आणि लग्नाकार्यात तिच्या हातातल्या पाटल्याच पाच तोळ्यांच्या दिसतात. म्हणजे एकतर मी खोटा ठरणार, नाहीतर पाटल्या. मी सत्याची बाजू घेतली. यादीत अकराव्या क्रमांकावर स्पष्ट लिहिलं, "पत्नीच्या हातातील पाटल्या (एक ग्रॅमच्या, पाणी दिलेल्या), मूल्य रुपये साडेआठशे." बारा वर्षं तिनं त्या पाटल्या इतक्या ऐटीत मिरवल्या होत्या, की मलाही कधीकधी त्या खऱ्या वाटायच्या. फ्लेक्स वाचून ती घरी आली, पाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि मला म्हणाली, "निवडून तुम्ही आलाव. पारदर्शक तुम्ही व्हा. मी कधी फॉर्म भरला होता?"

अण्णा, मी तिला कायदा समजावून सांगितला. बायकोची मालमत्ता दाखवावीच लागते, त्यासाठी वेगळा रकाना आहे, वगैरे. त्यावर मी असंही म्हणालो, की नवराबायकोत तुझं काय आणि माझं काय, आपल्यात लपवण्यासारखं आहेच काय? त्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली. माझ्या म्हणण्यात दम होता हे तिला पटलं असावं. पण आता ती कुणाच्या लग्नाला जात नाही, हळदीकुंकवाला जात नाही. परवा शेजारच्या घरी डोहाळजेवण होतं, तर हातात नुसत्या काचेच्या बांगड्या घालून स्वयंपाकघरात बसून राहिली. ते पाहून मला फार वाईट वाटलं. माझा खिसा लोकांचा आहे, हे कबूल. पण तिचे हात लोकांचे होते का, हा विचार मला फ्लेक्स लावण्यापूर्वी सुचायला हवा होता. फ्लेक्सला अडीच हजार रुपये लागले. विचाराला काहीच लागत नाही, तरी तो मागाहून आला.

गावाचं म्हणाल तर सगळं पुन्हा जाग्यावर आलं. हॉटेलातली खुर्ची मी पुसून राहिलोय. गुत्तेदार पुन्हा समोर बघून गाडी चालवतो. उलट आता लोकांना माझी कीव येऊ लागली आहे, जी आधी येत नव्हती. प्रभागातल्या एका म्हातारीनं सूपभर ज्वारी आणून दिली आणि म्हणाली, "घ्या बाबा, मत दिलंय, उपाशी कसं ठिवावं." बजरंगनं नवा व्हिडिओ केला, पाच वर्षं सत्तेत राहून स्वतःचंही भलं करू न शकलेला नगरसेवक प्रभागाचं काय भलं करणार, या विषयावर. त्यात लोकांच्या मुलाखती आहेत. सगळे माझ्याबद्दल चांगलंच बोलले, आणि सगळ्यांनी मान हलवली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्याच आठवड्यात रविवारी नांदेडची मंडळी बैठकीला आली. गावात शिरल्यावर त्यांनी स्टँडवर गाडी थांबवून आमचं घर विचारलं. ऑटोवाल्यानं हातानं फ्लेक्स दाखवला आणि म्हणाला, पत्त्यासकट सगळं तिथंच लिहिलंय. मंडळी उतरली. वीस मिनिटं वाचत उभी होती, असं हॉटेलवाल्यानं मला नंतर सांगितलं. वसंतरावांनी चष्मा पुसून यादी दोनदा वाचली आणि फोटोही काढला. मग ते घरी आले. अण्णा, मुलीच्या बापाला हजार प्रश्न विचारणारे पाहुणे मी पाहिलेत. एकही प्रश्न न विचारणारे पाहुणे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. जमीन किती, विचारलं नाही. दुकान कसं चालतं, विचारलं नाही. भजी खाल्ली, चहा घेतला. सिंधुबाई मधेच उठून आत नीलम्माकडे गेल्या आणि बराच वेळ आतच बसल्या. बाहेर वसंतराव आणि मी पंख्याकडे बघत होतो. (पंखा यादीत सोळावा आहे.) शेवटी ते म्हणाले, "तुमचं सगळं वाचलं. लई साफ माणूस हाव तुम्ही." हे वाक्य त्यांनी अशा सुरात म्हटलं, ज्या सुरात डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलतो. जाताना म्हणाले, विचार करून कळवतो.

त्याला आज बारा दिवस झाले. मध्यस्थाकडून कानावर आलं ते असं, की माणसं चांगली आहेत याबद्दल त्यांना शंका नाही, मुलगीही पसंत आहे, हुंडा-बिंडा त्यांना नकोच. पण पाच वर्षं नगरसेवक राहून ज्याच्याकडे एक प्लॉट नाही, तो माणूस व्यवहारात कसा असेल, चार लोकांत व्याही म्हणून काय सांगायचं, एवढीच त्यांची अडचण. मी रागावायला हवं होतं. रागावलो नाही, कारण मलाही तीच अडचण आहे. शिल्पा रोज संध्याकाळी नांदेडहून फोन करते, अप्पांची गोळी विचारते, दुकान विचारते, आणि ते एक सोडून सगळं विचारते. फोन ठेवला की मला दोन घास जात नाहीत.

अशी ही सगळी हकीकत. तुम्ही वडीलधारे, शिवाय लातूरसारख्या ठिकाणी राहून जग पाहिलेले. या सगळ्यातून मी एवढंच शिकलो, की सत्यासारखं दुसरं सुख नाही, आणि माणसानं शेवटपर्यंत त्यालाच धरून राहावं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा. उन्हाचं दुकानात जाऊ नका.

आपला,
मडिवाळप्पा

ता. क. : लिहायचं मुख्य ते राहिलंच. अण्णा, औसा रोडला तुमचा तो कोपऱ्यावरचा प्लॉट आहे ना, ज्याला तुम्ही पंधरा वर्षांत ना कुंपण घातलं ना बांधकाम केलं, आणि ज्याचा विषय काढला की तुम्ही मला पाणी हवं का म्हणून विचारता, तो मला चार महिन्यांसाठी द्या. प्रत्यक्ष नको. फक्त लिहायला. मी स्टँडवर दुसरा, छोटा फ्लेक्स लावायचा विचार करून राहिलोय, "शुद्धिपत्रक" म्हणून. त्यात एवढंच, की आधीच्या यादीत नजरचुकीने पुढील बाब राहून गेली, आणि खाली तुमचा प्लॉट. सत्यप्रतीचा शिक्का मारणार नाही. फ्लेक्स म्हणजे काही शपथपत्र नव्हे, त्यामुळे कायद्याची भीती नाही. मी विचारून घेतलंय (दुसऱ्याचं नाव सांगून). इतर पुढारी आपली मालमत्ता मेहुण्याच्या नावावर दाखवतात. मी मेहुण्याची माझ्या नावावर दाखवतोय, म्हणजे माझ्या हिशोबानं ही उलट भ्रष्टाचाराची भरपाईच झाली. लग्न लागलं की शुद्धिपत्रकाचं शुद्धिपत्रक लावून तुमचा प्लॉट तुम्हाला परत. पोरीच्या सुखासाठी एवढं करा. हो किंवा नाही, उलट टपाली कळवा.

ता. क. २ : वरचं शिल्पासाठी लिहिलं, पण तीनदा खोडून लिहिलं हे मान्य करतो. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच काहीतरी लपवतोय. यातलं एक अक्षर नीलम्माला कळता कामा नये. तिचा माझ्या खरेपणावर फार विश्वास आहे.

ता. क. ३ : अण्णा, मी नीलम्मा. हे दुकानात गेलेत. जाताना हे पत्र माझ्याकडं देऊन गेले, डिंक लावून पेटीत टाक म्हणाले. मी सगळं वाचलंय.

पैल्यांदा शिल्पाचं. लग्न ठरलंय. त्या दिवशी सिंधुबाई आत आल्या ना, तेव्हाच मी त्यांना सांगून टाकलं की औसा रोडचा प्लॉट अण्णांच्या नावावर असला तरी माझा हाय, आईच्या वाट्याचे अन् माझ्या शिलाईचे पैसे हायत त्यात. त्यांनी माझा हात धरला अन् म्हणाल्या, "बाई, माझाबी एक हाय, पूर्णा रोडला. भावाच्या नावावर. आमच्या ह्यांना म्हाईत न्हाई." मग बाकी काय बोलायचं राहिलं न्हाई. वसंतरावांना त्या येत्या सोमवारी होकार द्यायला लावणार हायत. त्यांना उगं वाटायला पाहिजे की आपणच विचार केला, म्हणून इतके दिवस. पोरीला मी सांगितलंय. ह्यांना मुद्दाम सांगितलं न्हाई, त्या पाटल्यांपायी. चार दिवस घास न्हाई गेला तर न्हाई.

आता ह्यांच्या मागणीचं. तुम्ही हो म्हणालाव तर हा माणूस खरं तेच फ्लेक्सवर लिहील अन् आपण खोटं बोललो म्हणून झुरून मरंल. अन् प्लॉट खराच आपला हाय असं सांगितलं, तर दोन्ही शपथपत्रं खोटी निघतात, एक अप्पांपायी, एक माझ्यापायी. मग हे राजीनामा देतील अन् त्याचाबी फ्लेक्स लावतील. म्हणून तुम्ही नाहीच कळवा. जरा रागावून कळवा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती म्हणा. रागावलाव म्हंजी ह्यांना बरं वाटंल, दोन घास जातील.

प्लॉटचे कागद लग्नाला येताना वहिनीच्या पिशवीत घालून आणा. ह्यांच्यासमोर पिशवी उघडू नका. पन्नाशी उलटल्यावर ह्यांनी एकच गोष्ट माझ्यापासून लपवायची ठरवली, अन् तीबी डिंक लावायला माझ्याकडंच दिली.